दोन दुर्गुणांचा संकर

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वाण, म्हणजे वंशाने मिळालेले रूप, शेजाऱ्याकडून घेता येत नाही, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. मनुष्यांच्या व जनावरांच्या बाबतीत ते खरेच आहे. परंतु सूक्ष्म जंतूंच्या सृष्टीत शेजाऱ्याचा गुण तर लागतोच, पण तो वाण होऊन पुढील पिढ्यांतही उतरतो. ही गोष्ट किती भयंकर ठरू शकते, याचा प्रत्यय २०११ साली जर्मनीत आला.

त्या वर्षीच्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत, विशेषतः हँबुर्ग शहराच्या परिसरात, रक्ती अतिसाराची साथ उद्भवली. अनेकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागल्या व मूत्रपिंडे काम करीनाशी झाली. असा आजार एरवी बहुधा लहान मुलांना होतो. येथे मात्र रुग्ण बहुतांशी प्रौढ होते व त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. जुलैमध्ये साथ ओसरली, तेव्हा जर्मनीत ३,८१६ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी ८४५ जणांच्या मूत्रपिंडांवर आघात झाला आणि ५४ जण दगावले.

रोगाचे कारण ‘ई. कोलाय’ या जातीचा जंतू होता. थिओडोर एशेरिश या वैद्याने १८८५ साली या जातीचे प्रथम वर्णन केले. तिचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यांत निरुपद्रवीपणे नांदतात. काही थोडे मात्र रोगकारक असतात. त्यांपैकी एक प्रकार विटांवर विटा रचाव्यात तसा आतड्याच्या अस्तराला थराथराने चिकटतो व दीर्घकाळ अतिसार घडवितो. दुसरा प्रकार ‘शिगा विष’ निर्माण करतो. आमांशाचा जंतू शोधून काढणाऱ्या कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाचे नाव या विषाला मिळाले आहे. पेशीतील प्रथिने बनविणारी यंत्रणा ते बंद पाडते. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना व मूत्रपिंडांना इजा होते.

हँबुर्गचा जंतू मुळात पहिल्या, म्हणजे चिकटणाऱ्या, प्रकारातील होता. मग त्याच्याजवळ विष आले कोठून? जंतूंनाही रोग होतो व त्यांना ग्रासणारे विषाणू असतात. असा विषाणू कधी कधी जंतूला न मारता आपली जनुके त्याच्या जनुकांत गुंफून टाकतो. शिगा विषाचे जनुक अशाच विषाणूबरोबर त्या जंतूत शिरले. याखेरीज, एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या जनुकांच्या एका लहान कड्याने त्याला कित्येक प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याची शक्तीही दिली होती. चिकटण्याची चिकाटी व विषाची धार ही दोन्ही एकाच ठिकाणी आली, तेव्हा हा संकरित जंतू घातक ठरला. जून महिन्यातच शास्त्रज्ञांनी त्याची जनुकीय लिपी वाचून सर्वांसाठी खुली केली.

पण हा जंतू लोकांच्या पोटात गेला कसा? प्रथम स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर संशय घेण्यात आला. त्यांवर ई. कोलाय आढळला खरा, परंतु तो या साथीचा नव्हता. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले होते. पुढे तपास करणाऱ्यांनी एक साधी युक्ती योजली. काय खाल्ले हे रुग्णांना नीट आठवत नव्हते. म्हणून उपाहारगृहात कोणी कोणता पदार्थ मागविला व त्या पदार्थात काय काय घातले जाते, हे थेट स्वयंपाक्याला विचारण्यात आले. मोड आलेले दाणे ज्यांच्या ताटात होते, त्यांच्यात आजाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे १४ पट निघाले! ते मोड उत्तर जर्मनीतील एका शेतावरचे होते. जून महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दोजवळही तोच आजार उद्भवला. दोन्ही ठिकाणच्या मोडांचा माग काढता इजिप्तहून आलेले मेथीचे बी हा समान दुवा असल्याचा निष्कर्ष निघाला.

मेथी आपल्या घरातलीच. कडधान्यांना मोड आणण्याची रीतही आपल्याकडे घरोघरी आहे. मोड येण्यास लागणारी ऊब व ओल जंतूंच्या वाढीसही तितकीच मानवते. बियांवर असलेले मूठभर जंतू दोन-तीन दिवसांत अगणित होतात आणि नुसत्या धुण्याने ते सारे जात नाहीत. मोड सोडून द्यावेत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपली उसळ शिजविलेली असते, आणि चांगल्या आचेपुढे हा संकरित जंतूही टिकत नाही. सावध राहावयाचे ते कच्च्या मोडांविषयी, विशेषतः लहान मुले, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत. रक्ती अतिसार झाल्यास मनानेच औषध घेऊ नये. काही प्रतिजैविकांमुळे असे जंतू अधिक विष सोडतात. वैद्यांकडे त्वरित जावे.

जंतू एकमेकांचे गुण उचलतात, हे आपल्याला थांबविता येणार नाही. पण ते आपल्या ताटात येऊ नयेत, एवढे तर चूल, स्वच्छ पाणी व धुतलेले हात यांच्या साहाय्याने आपण निश्चितच करू शकतो.