पायी जायचं तर: पेरजागड, मुक्ताई आणि बिनागुंडा

ताडोबात ट्रेक होतो का, असं पुण्या-मुंबईचे लोक हमखास विचारतात. होत नाही. १९५५ साली जाहीर झालेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, आणि तिथे पर्यटकाने जिप्सीतून खाली पाय ठेवायचा नाही. हा नियम उगाच नाही. २० नोव्हेंबर २०२१ ला कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा शोधणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली, तेही सोबत वनमजूर असताना. डोंगर चढायचा आणि धबधबा बघायचा असेल तर उद्यानाबाहेर पडा. नागभीड-चिमूरच्या रांगेतला पेरजागड (लोक त्याला सातबहिणीचा डोंगरही म्हणतात) आणि शंकरपूरजवळच्या डोम्याचा मुक्ताई धबधबा ही चंद्रपूर जिल्ह्यातली दोन ठिकाणं. फुरसत आणि हिंमत असेल तर गडचिरोलीत भामरागडच्या पलीकडचं बिनागुंडा. मात्र उद्यानाची हद्द वाघाला ठाऊक नसते, हे धरूनच पुढची कृती वाचा.

१. महिना ठरवा. मार्चपासून जून अर्ध्यावर येईपर्यंत नको. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि मोहफूल व तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून सगळं गाव जंगलात असतं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरून कोसळतात, पण रान इतकं माजलेलं असतं की दहा पावलांवरचं दिसत नाही. माझ्या मते सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा खरा काळ. पाणी असतं, पाऊस ओसरलेला असतो आणि वाट दिसते. निव्वळ डोंगर चढायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम, फक्त तेव्हा धबधब्याची अपेक्षा ठेवू नका.

२. आधी वन विभागाला विचारा. पेरजागडच्या रांगेतला मोठा भाग २०१८ साली घोडाझरी अभयारण्यात गेला. जुने ट्रेकर ‘आम्ही नेहमी जातो’ म्हणतील, त्यांच्या भरवशावर निघू नका. त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन वाट आज उघडी आहे का, एवढं समजून घ्या. वाघीण पिलं घेऊन बसली असेल किंवा कड्यावर मोहोळं फार असतील तर वाट बंद असू शकते. नाही म्हटलं तर घोडाझरीचा तलाव बघून परत फिरा. तोही देखणा आहे.

३. पायथ्याच्या गावातला माणूस सोबत घ्या. ही पायरी गाळायची नाही. नागभीडपर्यंत रेल्वेने किंवा नागपूरहून भिवापूरमार्गे रस्त्याने या, तिथून तळोधी (बाळापूर) भागातल्या पायथ्याच्या गावात. सकाळी पारावर बसलेल्या जाणत्याला विचारा, “काकाजी, डोंगराकडे जाऊ का?” उत्तर “तिकडं नका जाऊ जी, वाघीन पिल्यासंग हाये” असं आलं तर वाद घालू नका. मोबाइलवरचा नकाशा वाट दाखवतो, पण काल संध्याकाळी कुणाची गाय कुठे मारली गेली हे त्याला माहीत नसतं. मजुरी निघण्याआधी ठरवा आणि पूर्ण दिवसाची द्या.

४. सामान थोडंच. माणशी तीन लिटर पाणी, पायाला घट्ट बसणारे बूट, पूर्ण बाह्यांचा फिका सदरा आणि प्रत्येकाकडे एक मोठा सुती दुपट्टा. हा दुपट्टा उन्हासाठी तर लागतोच, पण त्याचं खरं काम सहाव्या पायरीत आहे. अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावू नका.

५. चाल. ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमारास निघा आणि तीनपर्यंत खाली या. चार ते सहा जणांनी एकमेकांजवळून चालायचं, कानात काही घालायचं नाही. बांबूच्या दाट रांज्या आणि नाल्याची वळणं आली की मोठ्याने बोला. वाघ आणि अस्वल दोघांनाही तुमची चाहूल आधी लागलेली बरी. अस्वलाची भीती मला वाघाहून जास्त वाटते, कारण अचानक समोरासमोर आलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. लघवीला एकट्याने झुडपाआड बसू नका. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, आणि मोहफूल वेचणाऱ्यांवर, तेंदूपत्ता तोडणाऱ्यांवर हल्ले होतात त्यामागे हेही एक कारण आहे. चितळ किंवा भेकर सारखं एकाच जागेवरून ओरडत असेल तर थांबा आणि सोबतचा माणूस म्हणेल तसं करा. वाघ दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही. उभं राहायचं, एकत्र यायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं.

६. कडा. इथे वरचा नियम उलटा होतो. पेरजागडच्या कड्याला आग्या मधमाश्यांची मोहोळं लटकतात, आणि त्यांच्या हल्ल्यात इथे पर्यटक दगावले आहेत. तेव्हा खाली बोलत आलात, तरी कड्याजवळ आवाज बंद. शिट्टी नाही, गाणं नाही, ड्रोन तर नाहीच. ज्यांच्या नावाने हा डोंगर ओळखला जातो त्या सात बहिणींना उदबत्ती लावायचा मोह अनेकांना होतो. हात जोडा, धूर करू नका. धुराने मोहोळ उठतं आणि त्याचा त्रास तुमच्या मागून येणाऱ्यालाही होतो. विडी-सिगारेटलाही हेच लागू.
माश्या उठल्याच तर हात झाडू नका. दुपट्टा डोक्या-तोंडावर ओढा, डोळ्यांपुढे फट ठेवा आणि आलेल्या वाटेने दाट झाडीकडे पळा. एक डंख बसला की त्याच्या वासाने आणखी माश्या येतात, म्हणून जागेवर थांबून उपयोग नाही. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. सुरक्षित जागी पोचल्यावर काटे लगेच काढा, नखाने खरवडून किंवा ओढून, जसे निघतील तसे. खूप डंख बसले असतील, तोंड सुजलं, उलटी किंवा धाप सुरू झाली तर गावठी उपाय नकोत, थेट ग्रामीण रुग्णालय गाठा.

७. मुक्ताई. हा चढ नाही, पाण्याचा खेळ आहे. ही जागा माना समाजाचं श्रद्धास्थान आहे, तेव्हा बाटल्या आणि दारू नेणाऱ्यांनी घरीच बसावं. मोठ्या पावसाच्या दिवशी जाऊ नका, पाऊस थांबून एक दिवस गेला की जा. खडकावर शेवाळ असतं, तिथे बूट काढून चालणं जास्त धोक्याचं. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात पालापाचोळा आला, आवाज जड झाला, तर वर कुठेतरी पाऊस झाला आहे असं समजा आणि फोटो सोडून काठावर या.

८. बिनागुंडा. याला वेगळे दोन-तीन दिवस काढा. आलापल्लीहून भामरागड, पुढे लाहेरी, आणि त्यापलीकडे छत्तीसगडच्या अबुझमाडला टेकलेलं हे माडिया गाव. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून पावसाळ्यात नाहीच. भामरागडला वन विभागाला आणि लाहेरीत पोलिसांना कल्पना द्या. गावात पोचल्यावर आधी गाव पाटलाला भेटा, गोटुलाचे (गावाच्या सामूहिक घराचे) किंवा बायकांचे फोटो न विचारता काढू नका. आजारी पडलात तर वाटेत हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. उत्तर गडचिरोलीतला टिपागड मात्र मी सध्या सुचवणार नाही. २०२१ पासून छत्तीसगडातून आलेले रानटी हत्ती त्या बाजूला फिरतात, आणि हत्तीपुढे वाघाचे नियम चालत नाहीत.

९. परतल्यावर. खाली आल्याचं गावातल्या माणसाला आणि वन कार्यालयाला कळवा, नाहीतर ते शोधत बसतात. गडचिरोलीत मलेरिया फार आहे, तेव्हा रात्र काढली असेल तर मच्छरदाणीतच. पुढच्या महिन्याभरात थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना आधी गडचिरोलीला गेलो होतो हे सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.