कानात घालायची वस्तू

इयरफोन सावकाश फिरवत बाहेर काढला, तरी त्याचं रबर उजव्या कानातच राहिलं. हातात आली ती नुसती उघडी नळी. रबर पेटीतून आलेलंच होतं, इयरफोनही चांगल्या किमतीचा होता आणि आवाजाबद्दल त्याचं कौतुक करणारे पुष्कळ होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दिव्याखाली बारीक चिमट्याने ते अलगद काढलं आणि म्हणाल्या, "घरी काही टोकरलं नाहीत ते फार बरं केलंत. लोक हेअरपिन घालतात, तेल ओततात, आणि वस्तू पडद्याशी जाऊन बसते." प्रौढ माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा आतला भाग हाडाचा, त्यावरची कातडी पातळ आणि दुखरी. तिथे काही अडकलं तर हात न लावता डॉक्टरांकडे जायचं, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

घरी आल्यावर तो इयरफोन नीट निरखला. नळी गुळगुळीत होती आणि टोकाकडे निमुळती होत गेली होती. रबर अडून राहावं म्हणून टोकाशी जो बारीकसा कंगोरा असायला हवा, तो तिथे नव्हताच. दोन इयरफोनची तुलना करताना आवाजाचं एक खातं आणि बांधणीचं दुसरं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. कानात घालायच्या इयरफोनमध्ये आवाज तयार होतो तो अर्धा त्याच्या कवचात आणि अर्धा तुमच्या कानात. या दोघांना जोडणारी वस्तू म्हणजे रबर. ते नीट बसलं नाही, तर आवाज काढणारा महागातला महाग ड्रायव्हरही पोकळ वाजतो.

माझं काम मुलाखतींचं शब्दांकन करण्याचं. दिवसातला बराच वेळ कानात कोणाचा ना कोणाचा आवाज असतो, आणि रात्री ख्याल ऐकायचा म्हणून पुन्हा तेच कान. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हौसेचा नाही. दुकानात किंवा मित्राकडे ऐकून इयरफोन निवडणाऱ्यांना मी आता कळकळीने सांगते की आधी बसवायला शिका, मग ऐका. उजवा इयरफोन घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढायची. कानाची नळी वाकडी असते, ती त्याने सरळ होते आणि रबर आत नीट बसतं. बसल्याची खूण म्हणजे आजूबाजूचा आवाज एकदम दबतो आणि आपलाच आवाज डोक्यात घुमू लागतो. हवा जायला फट राहिली, तर सगळ्यात आधी खालचे सूर जातात. 'या इयरफोनला बेसच नाही' अशी तक्रार मी कितीतरी लोकांकडून ऐकली आणि रबर एक माप मोठं लावल्यावर ती मिटलेलीही पाहिली. दोन्ही कान एकाच मापाचे नसतात. डावीकडे मधलं आणि उजवीकडे मोठं रबर लागलं, तर त्यात वावगं काही नाही. सिलिकॉनने फट राहत असेल, तर फोमचं रबर वापरून पाहा. चिमटीत दाबून कानात घातलं की ते फुगून जागा भरतं.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची, आणि इथेच जवळजवळ सगळ्या तुलना फसतात. फोनचं बटण तिथेच ठेवून एक इयरफोन काढला आणि दुसरा घातला, तर दोन्ही सारख्याच जोराने वाजतील असं नसतं. प्रत्येकाची संवेदनक्षमता वेगळी असते. जो किंचित मोठा वाजतो, तो आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो. तो भरलेला, स्पष्ट, मोकळा भासतो. यामागे कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान असताना आपल्याला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते झपाट्याने वर येतात. म्हणून आवाज थोडा वाढवला की संगीतात जीव आल्यासारखा वाटतो. तुलना करताना तानपुऱ्याची एकसुरी ध्वनिफीत लावा आणि दोन्ही इयरफोनमध्ये ती सारख्याच जोराची ऐकू येईपर्यंत बटण खालीवर करा. मग आधी जो मोठा वाजत होता, त्याचा आकडा आणखी एक पायरी कमी ठेवा. तरीही तोच आवडला, तर आवड खरी.

तानपुरा मी उगीच सुचवत नाही. जुळलेल्या तानपुऱ्यात खरजाच्या तारेतून स्वयंभू गांधार उमटतो. तो कोणी वाजवत नाही, तारेच्या पाचव्या उपस्वरातून तो येतो. खालचे सूर फुगवलेल्या इयरफोनमध्ये खरज धो धो वाहतो आणि हा गांधार त्यात बुडतो. वरचे सूर टोचरे असतील तर जवारीचा पिसारा पत्र्यासारखा खरखरतो. चांगल्या जोडीत खरज, गांधार आणि वरची झिलई ही तिन्ही एकाच वेळी, एकमेकांना न ढकलता ऐकू येतात. त्यानंतर तबला ऐका. शाई लावलेल्या चामड्यातून सुरेल उपस्वर कसे निघतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडलं होतं. दायाँ सुरात असतो, तो नुसता ठोका नसतो. चाटेवरच्या 'ना'चा सूर षड्जाला भिडताना ऐकू येतोय का, आणि त्याच वेळी डग्ग्याची मींड मनगटाबरोबर वर चढताना कळतेय का, हे बघा. नुसता धप्प असा आवाज येत असेल, तर त्या इयरफोनला डग्गा समजलेला नाही. यासाठी ध्वनिमुद्रण स्वच्छ हवं. जुन्या तबकड्यांवरची गाणी मला प्राणप्रिय आहेत, पण त्यांच्यावर इयरफोन पारखणं त्यांच्यावरही अन्यायाचं आणि इयरफोनवरही.

बोलण्यासाठी माझी परीक्षा वेगळी. मराठी बोलणाऱ्या माणसाचं साधं ध्वनिमुद्रण लावायचं आणि 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगवेगळे ऐकू येतात का, ते पाहायचं. हा फरक बहुतांशी वरच्या पट्टीत असतो. तिथे इयरफोन मुका असेल तर दोन्ही च एकसारखे होतात आणि दिवसभर ऐकणाऱ्याला शब्दांचा अंदाज बांधत बसावं लागतं. उलट ती पट्टी भडक असेल, तर स आणि श सुईसारखे टोचतात आणि संध्याकाळी डोकं धरतं. दुकानातल्या पाच मिनिटांत असा भडकपणा 'स्पष्टपणा' म्हणून आवडून जातो. शक्य असेल तर परत करण्याची मुभा असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि घरी दीर्घ काळ ऐकून मग ठरवा.

ड्रायव्हर किती, या आकड्याला भुलू नका. कानातल्या इयरफोनच्या इतिहासात मानाचं पान ज्याला आहे, तो एटिमोटिक रिसर्चचा ईआर-४ हा १९९१ साली आला. त्यात प्रत्येक कानाला एकच बारीक आर्मेचर ड्रायव्हर होता, श्रवणयंत्रांच्या तंत्रातून आलेला. एकाच कवचात पाच ड्रायव्हर बसवायचे, त्यांचे सूर एकमेकांत मिसळायचे आणि दोन्ही कानांना सारखे ठेवायचे, हे अवघड काम आहे. ते ज्याला साधलं त्याचं कौतुकच, पण डबीवर छापलेला आकडा त्याची हमी देत नाही.

आता बांधणीकडे. माझ्या पाहण्यात इयरफोन मध्यावर क्वचित बिघडतो, तो सांध्यावर बिघडतो. फोनच्या पिनेशी वायर शिरते ती जागा, दोन वायरी फुटतात ती जागा, आणि वायर कवचात जाते ती जागा. या तिन्ही ठिकाणी वायरीला लवचीक रबराची बाही असावी. ती कडक प्लास्टिकची असेल, तर वायर नेमकी तिच्या काठाशी मोडते. वायर सुटी होणारा इयरफोन मी नेहमी आधी निवडते. त्यात ०.७८ मिमीच्या दोन पिनांचा एक प्रकार आहे आणि गोल फिरणाऱ्या एमएमसीएक्सचा दुसरा. फिरणारा कानामागे वळवायला सोयीचा, पण तो सैल होत गेला की डोकं हलवताच आवाज तुटतो. दोन पिनांचा खोचताना नेमका सरळच खोचावा लागतो. कवचाच्या दोन भागांमधल्या सांध्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकलं, तर पुढे घाम आणि पावसाळ्याची दमट हवाही तिथूनच आत शिरणार.

डबीवर 'आयपीएक्स४' लिहिलेलं दिसलं की लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ इतकाच की चारी बाजूंनी उडणाऱ्या पाण्याला तो टिकतो. 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी नोंदलेलीच नाही. ही चाचणी साध्या पाण्याची असते, आणि घामात मीठ असतं. वापरून झालं की इयरफोन कोरड्या कापडाने पुसायचा आणि डबीत सिलिका जेलची पुडी ठेवायची.

आणि नळीचा कंगोरा. रबर लावल्यावर बोटांनी हलकेच ओढून पाहा. ते सहज सुटत असेल, तर आवाज कितीही सुरेल असो, तो इयरफोन कानात घालू नका. सिलिकॉन जुनं झालं की तेलकट आणि सैल होतं, तेव्हा नवं मागवा. मागवताना नळीची जाडी मोजून घ्या, कारण सगळ्यांच्या नळ्या एकसारख्या नसतात. नळीच्या तोंडावरची जाळी मळाने बुजते आणि एका बाजूचा आवाज हळूहळू खाली जातो. हे इतकं सावकाश होतं की आपलाच कान गेला की काय, अशी भीती वाटते. अशा वेळी उजवा इयरफोन डाव्या कानात आणि डावा उजव्यात घालून बघायचा. कमीपणा इयरफोनबरोबर सरकला, तर जाळी साफ करा किंवा बदला. तो त्याच कानात राहिला, तर कान तपासून घ्या.

रबर कानात नीट बसण्याचा आणखी एक फायदा आहे. तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मुंबईच्या लोकलमध्ये सैल इयरफोन घातलेला माणूस गाडीच्या आवाजावर मात करायला बटण वाढवतच नेतो. नीट बसलेल्या रबरामुळे गाडीचा आवाज बाहेरच अडतो आणि बटण खालीच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. दहा डेसिबलने दहापट वेळ कापला जातो. शब्दांकनासारख्या कामात हे तास भराभर संपतात. मात्र रस्ता किंवा रूळ ओलांडताना दोन्ही कान मोकळे हवेत. तिथे रबर जितकं चांगलं, तितका धोका मोठा.

बिनतारी इयरफोनबद्दल मला विचारतात तेव्हा मी एकच प्रश्न उलट विचारते: बॅटरी बदलून मिळते का? त्या इवल्याशा लिथियम बॅटऱ्या काही वर्षांत दम सोडतात, आणि बहुतेक जोड्या चिकटवून बंद केलेल्या असतात. ड्रायव्हर ठणठणीत असतो, कवच शाबूत असतं, तरी जोडी टाकून द्यावी लागते. फोनवर बोलायला, चालायला जाताना त्या सोयीच्या आहेत, मीही वापरते. पण कामासाठी माझ्या टेबलावर तारेचा जोड आहे. त्याची वायर दुसऱ्यांदा बदलली आहे, आणि रबरं तर दर पावसाळ्याआधी बदलते.