स्वातंत्र्य, निवड आणि लेखणीचें दायित्व

आमच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें गांव समर्थ रामदासांचें जन्मस्थान होय. इ. स. १६०८ मध्यें तेथें जन्मलेल्या नारायणाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस नवी नाहीं. बाराव्या वर्षीं लग्नमंडपांत उपाध्यायांच्या मुखांतून 'सावधान' हा शब्द निघतांच तो मुलगा उठून चालता झाला, अशी परंपरा आहे. हा शब्द असंख्य विवाहांत उच्चारला जातो. परंतु तो आपणांसच उद्देशून आहे असें मानणारा विरळा.

मनुष्यास निवड करावीच लागते, आणि त्या निवडीचा भार त्यालाच वाहावा लागतो, हा विचार विसाव्या शतकांत युरोपांतील एका तत्त्वज्ञानाचा पाया झाला. त्यास मराठींत अस्तित्ववाद म्हणतात. फ्रान्समधील झां-पॉल सार्त्र (१९०५–१९८०) ह्यांनीं ऑक्टोबर १९४५ मध्यें पॅरिस येथें व्याख्यान देऊन तो सामान्य जनांपुढें मांडला. दुसरें महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. जर्मनांच्या अमलाखालीं चार वर्षें काढलेल्या त्या नगरांत शत्रूस कोणीं साह्य केलें, कोणीं विरोध केला व कोण गप्प बसलें, हा प्रश्न अद्याप ताजा होता.

सार्त्र ह्यांच्या म्हणण्याचें सार आपल्याकडील एका उदाहरणानें सांगतां येईल. सुतार तिफण घडवितो, तेव्हां तिचें प्रयोजन त्याच्या मनांत आधींच ठरलेलें असतें. ती पेरणीसाठींच तयार होते. मनुष्याचें तसें नाहीं, असें सार्त्र म्हणतात. तो आधीं जगांत येतो आणि मग आपल्या कृत्यांनीं आपण कोण हें ठरवितो. म्हणून 'माझा स्वभावच असा', 'सारेच असें करितात' ह्या सबबी त्यांना मान्य नाहींत. शिवाय आपली निवड आपल्यापुरती राहत नाहीं. जांबच्या कथेंतही मांडवांत एक वधू मागें राहिली व घरीं माता शोक करीत बसली, हें विसरूं नये.

सार्त्र ईश्वराचें अस्तित्व मानीत नसत. येथें आमचा मार्ग त्यांच्याहून भिन्न होतो. मनुष्यास घडविणारा आहे आणि त्याच्या मनांत मनुष्याविषयीं हेतु आहे, अशी आमची श्रद्धा आहे. तथापि तो हेतु आपणांवर लादलेला नाहीं; तो स्वीकारणें वा नाकारणें आपल्या हातीं दिलेलें आहे. ह्या विचारधारेचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे डेन्मार्कचे सोरेन किर्केगार्ड (१८१३–१८५५) हे स्वतः ख्रिस्ती होते. ख्रिस्ती देशांत जन्मलों म्हणून ख्रिस्ती झालों, ह्या समजुतीवर त्यांनीं कठोर टीका केली. मंडळीच्या नोंदवहींत पित्याचें नांव आहे, एवढ्यानें पुत्राचा विश्वास सिद्ध होत नाहीं, ही गोष्ट आमच्या घरांतही विचार करण्याजोगी आहे.

आतां लेखकाविषयीं. लिहिणें हें एक कृत्य आहे, आणि बोलण्याच्या वेळीं लेखकानें धरलेलें मौन हेंही कृत्यच ठरतें, असें सार्त्र ह्यांचें मत होतें. महाराष्ट्रांत ह्या मताची कसोटी पाहणारा प्रसंग १९७५ सालीं आला. त्या वर्षीं २५ जून रोजीं देशांत आणीबाणी पुकारली गेली व वृत्तपत्रांवर नियंत्रण बसलें. डिसेंबरांत कऱ्हाड येथें मराठी साहित्य संमेलन भरलें. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक दुर्गा भागवत ह्या अध्यक्षा होत्या, आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. सरकारांतील एक प्रमुख मंत्रीच यजमान असतां दुर्गाबाईंनीं लेखनस्वातंत्र्याचा पक्ष निर्भयपणें मांडला, आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण ह्यांच्या प्रकृतीसाठीं प्रार्थना करण्यास सभेला सांगितलें. पुढें आणीबाणीच्या काळांतच त्यांना कारावास भोगावा लागला. गप्प राहण्याची मुभा त्यांनाही होती. ती त्यांनीं घेतली नाहीं, आणि जी किंमत पडली ती स्वतः दिली.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांवर असा प्रसंग कदाचित् येणार नाहीं. परंतु बाजारांतील मार्गदर्शिकेंतून निबंध उतरवून घ्यावा, यंत्राकडून लिहवून घ्यावा, कीं स्वतः विचार करून लिहावा, ही निवड प्रत्येक आठवड्यास आपल्यापुढें असते. वर्गांत दुर्बलाची टवाळी चालली असतां हंसावें कीं बोलावें, हीही निवडच होय. शुभवर्तमानांतील दाखल्यांत धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासानें तें गमावलें नव्हतें. तरीही त्याच्याकडून हिशेब मागितला गेला.

पालकांसही आमची विनंती आहे. दहावीनंतर मुलानें कोणती शाखा घ्यावी, हें पुष्कळ घरांत त्यास न विचारतांच ठरतें. आपण सल्ला अवश्य द्यावा, खर्चाची अडचणही मोकळेपणें सांगावी. परंतु त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. ज्याची निवड सदैव दुसऱ्यानें केली, तो अपयश आलें असतां दोषही दुसऱ्यासच देतो.

विद्यार्थ्यांस आमचें शेवटचें सांगणें एवढेंच. निबंध लहान असो, भाषा ओबडधोबड असो. त्यावर आपलें नांव घालण्यापूर्वीं त्यांतील प्रत्येक वाक्याबद्दल उत्तर देण्यास आपण तयार आहों काय, हें पाहत जावें.