क्रोध अनावर असतो काय?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींनी क्रोधाची उत्पत्ती व त्याचा परिणाम यांची साखळी अर्जुनदेवापुढे मांडली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध. पुढे संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. निरूपणात बहुधा उत्तरार्धावर भर दिला जातो, क्रोधाचे दुष्परिणाम ऐकविले जातात आणि श्रोता मान डोलावून घरी जातो. साधकाच्या खऱ्या उपयोगाचा भाग पूर्वार्धात आहे. क्रोध चौथ्या पायरीवर उभा असून त्याच्या आधीच्या तीन पायऱ्या मनुष्य स्वतःच चढून गेलेला असतो.

येथे अशी शंका घेतली जाते की, क्रोध तर क्षणात भडकतो, त्याला पायऱ्या कोठल्या? 'राग अनावर झाला' असे जो तो म्हणतो. या म्हणण्याची परीक्षा करावी. कापूस विकावयास गेलेल्या शेतकऱ्याला व्यापारी भाव पाडून मागतो. शेतकऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण तेथे तो हात जोडतो, मऊ बोलतो. सायंकाळी घरी आल्यावर मुलाच्या हातून पाण्याचा तांब्या सांडतो आणि त्याच्या गालावर चपराक बसते. भाव कोणी पाडला आणि मार कोणी खाल्ला? दुपारी जो आवरला गेला, तो सायंकाळी अनावर झाला हे खरे नव्हे. समोर सबळ असता क्रोध आवरतो, निर्बळ असता मोकळा सुटतो. आश्रमातही हेच आढळते. महंतांपुढे मौन धरणारा साधू, झोळी नीट धुतली नाही म्हणून नवागत शिष्यावर ओरडतो. म्हणून क्रोध ओळखावयाचा तर तो कोणावर निघतो, हे आधी पाहावे.

देहही सूचना देतोच. कान तापतात, दात आवळले जातात, श्वास आखूड होतो. मनात एकच वाक्य पुनःपुन्हा फिरू लागते, 'याने मला असे म्हटलेच कसे?' विषयाचे चिंतन ते हेच. बाजारापासून घरापर्यंतच्या चार कोसांत त्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याचेच ध्यान केले! भूक, जागरण आणि मद्य यांनी ही वाट आणखी उतरती होते.

अशा वेळी उत्तर देऊ नये. हातातील वस्तू खाली ठेवावी, जागा सोडावी, सावकाश श्वास घेत नामस्मरण करावे. ओरडून घेतल्याने राग निघून जातो ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १५४ संशोधनांचा एकत्र विचार करून २०२४ साली जे प्रसिद्ध केले, त्यातही राग ओकून टाकल्याने तो शमत नाही, देहाची उत्तेजना कमी करणाऱ्या उपायांनी शमतो, असेच दिसून आले. मात्र जागा सोडणे म्हणजे प्रश्न सोडणे नव्हे. शांत झाल्यावर परतावे व सांगावयाचे ते सांगावे. हात उगारला गेला असेल तर लहान मुलापुढेही, 'तू चुकलास म्हणून' अशी पुस्ती न जोडता, आपला अपराध कबूल करावा. हे फार जड जाते.

मग अन्याय निमूटपणे सोसावा काय, अशी दुसरी शंका येते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आल्याची लीळा प्रसिद्धच आहे. स्वामींनी ससा दिला नाही आणि पारध्यांवर कोपही केला नाही. ठाम नकाराला क्रोधाची गरज लागत नाही. असे असता, घरात मार खाणाऱ्या स्त्रीला 'तूच क्षमा कर' असा उपदेश करणारे वडीलधारे क्षमेचा अर्थच उलटा करतात. तेथे प्रथम तिला व मुलांना सुरक्षित ठिकाणी पोहोचविले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचाराविषयीच्या २००५ च्या कायद्याचे संरक्षणही तिला आहे. ज्याचा हात वारंवार उठतो, त्याने केवळ पश्चात्तापावर विसंबू नये, कारण पश्चात्ताप त्याला मागील वेळीही झालाच होता. त्याने मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. त्यात परमार्थाला कोणताही कमीपणा येत नाही. ताप आला असता साधूही औषध घेतोच.