‘लिहिले’ म्हणजे ‘जतन झाले’ नव्हे

काउंटरवर रक्कम स्वीकारून पावतीवर शिक्का मारला, की त्या रकमेची जबाबदारी बँकेवर येते. संगणकीय व्यवहारालाही हाच दंडक लागू आहे. मात्र तेथे शिक्का नेमका कोणत्या क्षणी मारावा, हा अभ्यासाचा विषय आहे.

आज अनेक संस्थांचे सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे आभासी संगणकावर चालतात. आभासी संगणकाला जी डिस्क दिसते, ती पुष्कळदा यजमान यंत्रावरील एक फाइल असते. लिनक्समध्ये या डिस्कशी व्यवहार करण्यासाठी ‘व्हर्टआयओ ब्लॉक’ हा ड्रायव्हर सर्रास वापरला जातो. वाचन, लेखन आणि फ्लश अशा मागण्या तो एका सामायिक रांगेत ठेवतो.

लेखन पूर्ण झाल्याची पोच मिळाली, तरी माहिती यजमानाच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतच असू शकते. त्याच क्षणी वीज गेली, तर नोंद नाहीशी होते. म्हणून व्यवहार कायम करताना डेटाबेस ‘एफसिंक’ ही आज्ञा देतो. त्यातून फाइल सिस्टीम फ्लशची मागणी निर्माण करते, ड्रायव्हर ती यजमानाकडे पोहोचवितो आणि यजमान माहिती प्रत्यक्ष डिस्कवर स्थिर करवितो. त्यानंतरच यशाची पोच परत यावयास हवी.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, फ्लशची हमी त्यापूर्वी पूर्ण झालेल्या लेखनापुरतीच असते. रांगेत प्रलंबित असलेल्या लेखनास ती लागू नाही. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.३७ पासून जुनी ‘बॅरिअर’ पद्धत मागे पडली आणि लेखनाचा क्रम राखण्याची जबाबदारी फाइल सिस्टीमवर आली. दुसरी, फ्लश अयशस्वी झाल्यास ड्रायव्हरने ती त्रुटी वरच्या स्तराला कळविलीच पाहिजे; त्रुटी दडविणे म्हणजे खोटी पावती देणे होय. तिसरी, क्यूईएमयू या प्रणालीत कॅशचा ‘अनसेफ’ हा पर्याय निवडल्यास फ्लशच्या मागण्यांकडे दुर्लक्ष केले जाते. वेग वाढतो, परंतु हा पर्याय तात्पुरत्या चाचणीपुरताच योग्य ठरतो.

आपण प्रोग्रामर नसू, तरीही नवी यंत्रणा स्वीकारताना पुरवठादारास एक प्रश्न अवश्य विचारावा : “फ्लशची मागणी प्रत्यक्ष डिस्कपर्यंत पोहोचते काय?” ग्राहकाचा विश्वास अखेर या उत्तरावर विसंबून असतो.