बालकाचा राखणदार योसेफ

शास्त्रपाठ : मत्तय १:१८-२५, २:१३-२३, प्रकटीकरण १२:१-९

नाताळच्या नाटिकेत योसेफाचे काम बहुधा ज्या मुलाचे पाठांतर कच्चे त्याला मिळते, कारण योसेफाला बोलावे लागत नाही. शास्त्रातही तसेच आहे. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचे एकही वाक्य नाही. १२ वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये सापडला, तेव्हासुद्धा बोलली ती मरीया (लूक २:४८).

हे काम योसेफाने मागून घेतले नव्हते. मरीयेला गुपचूप सोडून द्यावे असे त्याच्या मनात होते; दूताने स्वप्नात अडविले म्हणून तो थांबला. मिसरास जा असे सांगतानाही दूत तुझे मूल असे म्हणत नाही, बालक व त्याची आई असे म्हणतो. मूल दुसऱ्याचे, जबाबदारी मात्र योसेफाची.

वरवर पाहता शत्रू हेरोद. राज्य जाईल या संशयापायी त्याने पोटच्या तीन मुलांना ठार करविले होते. परंतु प्रकटीकरणाचा १२ वा अध्याय पडदा बाजूला करतो. तेथे प्रसूत होणाऱ्या स्त्रीपुढे अजगर उभा आहे, मूल जन्मताच गिळावे म्हणून; आणि तो अजगर म्हणजे सैतान, हे नवव्या वचनात स्पष्ट आहे. (ती स्त्री म्हणजे केवळ मरीया, की देवाची सगळी प्रजा? आम्हांस दुसरा अर्थ अधिक पटतो.)

अशा वैऱ्यापुढे एका सुताराने काय करावे? योसेफाला अजगर दिसलाही नाही. त्याला एवढेच कळले की ऊठ आणि मिसरास जा. आणि तो रात्रीच निघाला, उजाडण्याची वाट पाहिली नाही. परत येताना मात्र यहूदियात अर्खेलाव राज्य करतो हे ऐकून तो भ्याला. मत्तयाने ही भीती लपविलेली नाही, आणि स्वप्नात तिच्याबद्दल योसेफाला दोषही लागला नाही. त्याला गालीलाची वाट मिळाली.

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक अवघड गोष्ट. दुसऱ्या अध्यायातील १६ ते १८ ही वचने पुष्कळदा गाळली जातात. आम्हांस ते बरोबर वाटत नाही. एक बालक वाचले, बेथलेहेमातील इतर बालके गेली. त्यांच्या बापांना स्वप्न का पडले नाही, असे मोठ्या वर्गातील मुले विचारतीलच. मत्तय याचे उत्तर देत नाही. तो राहेलीचे रडणे लिहितो, तिचे सांत्वन होत नाही हेही लिहितो, आणि मगच हेरोद मेल्याचे सांगतो. वर्गातही याच क्रमाने वाचावे, आणि १८ व्या वचनापाशी थोडे थांबून मुलांना विचारू द्यावे.