शेंग जमिनीत, पण मुळाला नाही



सहावीच्या वर्गात आम्ही भुईमुगाचे चित्र काढावयास सांगितले. जवळजवळ सर्वांनी शेंगा मुळांना लटकवल्या. तुम्हाला काय बोलणार? आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, आणि 'मूंगफली'विषयी आमचीही पुष्कळ वर्षे हीच समजूत होती! निजामपुऱ्यात खारी शिंग खाताना एवढा विचार कोण करतो?

भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर, पानाच्या बगलेत येते. फलन झाल्यावर फुलाच्या तळातून बारीक दांडी निघून खाली वाकते. शेतकरी तिला आरी म्हणतात. ती मातीत शिरली की तिच्या टोकाला, अंधारात, शेंग धरते. मातीपर्यंत न पोचलेली आरी सुकून जाते. म्हणून आऱ्या सुटताना माती भुसभुशीत लागते. काही शेतकरी पिकावरून रिकामे पिंपही फिरवतात. शेंग आपले कॅल्शियम बव्हंशी थेट मातीतून घेते, यासाठी जिप्सम देतात. ते कमी पडले तर वर झाड हिरवेगार आणि खाली पोचट शेंगा! जुनागढला १९७९ पासून भुईमुगावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती उगीच नव्हे.

बटाटाही मूळ नव्हे, खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे कोंब. रताळे मात्र खरे मूळ.

पालकांना विनंती, जूनमध्ये मुलांना मोठ्या कुंडीत चार कच्चे दाणे पेरू द्यावेत. साधारण महिन्याभराने फुले येतील, पाठोपाठ आऱ्या दिसतील. मग चित्र पुन्हा काढून आणावे. जुनी चित्रे आम्ही जपून ठेवली आहेत.